पहिल्या दिवशीची कोरी प्लेट

१

तिसरं बाळ मंगळवारी सकाळी सव्वाआठला गेलं आणि नऊ वाजता गुन्हेगार ठरलाही होता. एरवी रुग्णालय कुठल्याच कामात इतकी चपळाई दाखवत नाही. साधा पंखा बदलायचा तर अर्ज तीन टेबलं फिरतो. पण बोट दाखवायचं असलं की सगळ्यांच्या अंगात वारं संचारतं. नवजात कक्षाच्या मुख्य सिस्टरला निलंबनाचा कागद मिळाला तेव्हा तिने नुकतंच त्या बाळाला शेवटचं पुसून कापडात गुंडाळलं होतं. कागद हातात घ्यायच्या आधी तिला हात कोरडे करावे लागले.

अकरा दिवसांत तीन बाळं गेली होती. तिघंही दिवस भरायच्या आधी जन्मलेली, काचेच्या पेटीत ठेवलेली, आणि तिघांच्याही रक्ताच्या तपासणीत एकच जंतू निघालेला. तिघांचंही रक्त एकाच हाताने काढलं होतं, सिस्टरच्या. अधीक्षकांना तेवढं पुरेसं वाटलं. आता हवा होता फक्त एक अहवाल, म्हणजे सगळं रीतसर झालं असतं.

तो लिहिणार कोण, तर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या आणि त्याच विभागाची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाई. विद्यार्थी पाठीमागे त्यांना भिंगबाई म्हणत, कारण त्यांच्या अ‍ॅप्रनच्या खिशात सदा एक भिंग असे, आणि चहाच्या कपाची कडही त्या त्यातून बघून मगच तोंडाला लावतात अशी वदंता होती. अठ्ठावीस वर्षं त्या प्रत्येक नव्या वर्गाकडून एकच गोष्ट घोकून घेत आल्या होत्या: जंतू सापडला म्हणजे रोग सापडला असं नाही, त्या जंतूनेच रोग केला हे दाखवता आलं पाहिजे. मुलं ते परीक्षेत सुवाच्य अक्षरात लिहीत आणि पुढच्या आठवड्यात विसरत.

बाईंनी अधीक्षकांना स्पष्ट सांगितलं की हे काम माझ्याकडे नको, सिस्टर माझी सख्खी जाऊ आहे, धाकट्या दिरांची बायको. अधीक्षकांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"तुमच्याशिवाय इथे जंतूंतलं कुणाला कळतं?" ते म्हणाले. "शुक्रवारपर्यंत द्या. एवढं मात्र लक्षात ठेवा, ती निर्दोष निघाली तर लोक म्हणणार, जाऊबाईंनी पदराखाली घातलं. तेव्हा पुरावा असा आणा की कुणाला तोंड उघडायला जागा राहू नये."

बाई बाहेर आल्या तर दारात तात्या उभे. तात्या म्हणजे प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, सव्वीस वर्षं एकाच टेबलावर बसलेले. त्यांच्या हातात अहवालाची चिठ्ठी होती आणि ती द्यायला त्यांचा हात पुढे होत नव्हता. चौथ्या पेटीतल्या मुलीच्या रक्तातही तोच जंतू निघाला होता.

२

हा जंतू स्यूडोमोनासच्या भाऊबंदांपैकी. ओल दिसली की तिथे संसार थाटणारा. धडधाकट माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही, पण दुबळ्या जिवाच्या रक्तात शिरला तर नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. मग कपाटातलं सगळ्यात जहाल औषध काढावं लागतं. चौथ्या पेटीतल्या मुलीला ते त्याच सकाळी सुरू झालं. दर आठ तासांनी एक डोस: आठ, चार, बारा.

बाईंनी चौकशी ओलीपासूनच सुरू केली. बेसिनचे नळ, पेट्यांत दमटपणा राखणारं पाणी, दूध कोमट करायचं भांडं, फरशी पुसायची बादली, साबणाची बाटली, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, सगळ्यांवरून त्यांनी कापसाचे स्वॅब फिरवले आणि नळ्यांवर खुणा केल्या. दूधखोलीच्या मावशींना हा आपल्या वीस वर्षांच्या इभ्रतीचा प्रश्न वाटला. त्यांनी प्रत्येक वाटी उकळत्या पाण्यातून काढून बाईंच्या नाकासमोर धरली आणि इथे जंतू निघाला तर मी नाव बदलीन म्हणाल्या. बाईंनी तरीही स्वॅब घेतला. मावशी त्यानंतर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

बालरोग डॉक्टर तीन रात्री झोपलेला नव्हता. बोलताना तो मधेच थांबे आणि आपण कुठे होतो ते विसरे. त्याने सांगितलं ते असं. तिन्ही बाळं थोडी मलूल झाली होती, दूध जरा कमी घेत होती. इतक्या लहान जिवांच्या बाबतीत एवढंही पुरतं, म्हणून खबरदारी म्हणून रक्त पाठवलं. दोन दिवसांनी जंतूचा अहवाल आला, लगेच औषध सुरू केलं. पण औषध सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी कमी व्हायची, तिसऱ्या दिवशी बंद, आणि मग काही हातात राहायचं नाही.

"जंतू थेट मूत्रपिंडं गाठतो, मॅडम," तो म्हणाला. "आम्ही औषध देतो आणि तो आमच्या पुढे धावतो."

बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं.

कक्षाबाहेरच्या बाकावर चौथ्या पेटीतल्या मुलीची आई बसली होती. मांडीवर दुधाची छोटी बाटली, ती दोन्ही हातांनी झाकलेली, गार होऊ नये म्हणून. बाळंतीण बाई, पायांवर सूज होती, पण घरी जायला तयार नव्हती. तिने बाईंना विचारलं की ज्या सिस्टरला काढलं ती परत कधी येणार, कारण मुलगी तिच्याच हातून नीट दूध पिते. उद्या सांगते, असं म्हणून बाई पुढे झाल्या.

जिन्याशी डॉक्टर मागून आला. सांगू की नको असं त्याचं चाललेलं दिसत होतं.

"एक गोष्ट आहे. तिन्ही वेळा रक्त काढताना सिस्टरनी मला हात लावू दिला नाही. मी म्हटलं, मी काढतो. तर म्हणाल्या, तुम्ही बाजूला व्हा."

३

धाकटीचं, म्हणजे सिस्टर जावेचं, घर दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर. दार दिरांनी उघडलं आणि ते नुसतेच बाजूला झाले. एरवी वहिनी आल्या म्हटल्यावर त्यांची बडबड जिन्यापर्यंत ऐकू येई. आज ते आत निघून गेले आणि आत एक दार लागलं.

धाकटी टेबलाशी बसली होती. समोर काही नव्हतं, कागद नाही, कप नाही.

"ताई, भेटायला आलात की स्वॅब घ्यायला?"

"स्वॅब घ्यायला."

तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. बाईंनी ते हात लग्नाच्या दिवसापासून पाहिलेले, पण असे जवळून कधी पाहिले नव्हते. दिवसातून पन्नास वेळा धुऊन धुऊन कातडी सोलवटलेली, बोटांच्या पेरांवर बारीक चिरा, नखं मांसापर्यंत कापलेली. बाईंनी एकेका बोटाच्या बेचक्यातून, नखाखालून, मनगटाच्या घडीतून स्वॅब फिरवला. चिरेवरून जाताना तो झोंबला असणार. धाकटीने हात हलवला नाही.

डॉक्टरला बाजूला का केलं, असं बाईंनी विचारलं. धाकटी म्हणाली, त्यांचा हात जड आहे. सव्वा किलोच्या बाळाला चार वेळा सुई टोचतात तरी शीर सापडत नाही. मला एकदाच टोचावं लागतं. बाईंना ते पटलं, आणि पटलं म्हणूनच त्या धास्तावल्या. आपल्याला जे पटायला हवंय तेच पटतंय, असं त्यांना वाटलं.

"अजून एक सांगते," धाकटी म्हणाली. "औषध सुरू व्हायच्या आधी तिन्ही बाळं लंगोट भिजवत होती. व्यवस्थित. लंगोट मी बदलत होते, मला माहीत आहे. लघवी थांबली ती औषधानंतर."

"हे मला अहवालात घालता येणार नाही."

"का?"

"कारण ते तू सांगतेस."

धाकटीने हात टेबलाखाली घेतले आणि विचारलं, चौथीला औषध सुरू केलं का. बाईंनी मान डोलावली. धाकटी उठली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. नळ्यांची पेटी उचलून बाई आपल्या आपण बाहेर पडल्या. पायऱ्या उतरताना त्यांच्या मनात आलं, या नळीत जंतू निघाला तर तो अहवाल आपण आपल्या हाताने लिहू शकू का.

४

स्वॅब फिरवून जंतू वाढवायच्या चपट्या ताटल्या, म्हणजे प्लेटा, रात्रभर उबेत ठेवल्या होत्या, आणि बुधवारी सकाळी साडेनऊपासून बाई एकेक प्लेट प्रकाशात धरून भिंगातून बघत होत्या. माणसाच्या कातडीवर असतात ते गरीब, निरुपद्रवी जंतू बऱ्याच प्लेटांवर होते. बादलीच्या पाण्यात नाना तऱ्हेची जत्राच भरली होती. मावशींच्या वाट्यांतून काहीही वाढलं नव्हतं आणि त्यांना नाव बदलायची गरज नव्हती. धाकटीच्या हातांची प्लेट सगळ्यांत स्वच्छ निघाली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

तो तिथे फार वेळ राहिला नाही. एकोणसाठ प्लेटा आणि तो जंतू एकीवरही नव्हता. नळात नाही, पेटीत नाही, हातांवर नाही. अख्ख्या कक्षात त्याचा मागमूस नव्हता. चार बाळांच्या रक्तापर्यंत पोचायचं तर त्याला कुठून तरी यावंच लागणार, आणि पाण्याचा जंतू कोरड्या हवेतून टपकत नाही. मग तो आहे कुठे? दुपारी बाराच्या सुमारास बाईंनी स्वतःला तोच प्रश्न जरा उलटा करून विचारला: तो आजवर दिसलाय कुठे? उत्तर इतकं साधं होतं की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. तो फक्त याच खोलीत दिसला होता.

त्यांनी नोंदवही ओढली.

रक्ताच्या तपासणीची रीत अशी. कक्षातून रक्त येतं ते रबरी झाकणाच्या बाटलीत, आत जंतूंना आवडणारं पातळ खाद्य. बाटली इनक्युबेटरच्या उबेत ठेवायची. पहिल्या दिवशी झाकण पुसून त्यातून सुई घालायची, दोन थेंब काढून प्लेटवर पसरायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. वहीत दोन रकाने असतात, पहिला दिवस आणि दुसरा दिवस. बाईंनी या चार बाळांच्या नोंदी आधी पाहिल्या होत्या, पण घाईत त्यांची नजर नेहमी शेवटच्या रकान्यावर, जंतूच्या नावावर जाई. आता त्यांनी पहिला रकाना बोटाने वाचला.

वाढ नाही. वाढ नाही. वाढ नाही. वाढ नाही.

आणि शेजारी चारही वेळा: भरपूर वाढ.

ज्याने एवढासा जीव घ्यावा इतके जंतू रक्तात असतील तर बाटली पहिल्याच दिवशी गढूळ व्हायला हवी. चारही बाळांत पहिल्या दिवशी कोरी प्लेट आणि दुसऱ्या दिवशी रान माजलेलं, हा योगायोग होऊ शकत नाही. त्या दोन दिवसांच्या मधे बाटलीला एकच गोष्ट झाली होती. ती उघडली गेली होती.

बाईंनी मोठ्या माणसांची पानं उलटली. मोडक्या पायाचा रंगारी, पित्ताशय काढलेली शिंपीण, ताप येऊन गेलेला चौकीदार, आणखी दोघं. सगळ्यांचं तेच, पहिल्या दिवशी कोरी, दुसऱ्या दिवशी वाढ. ओलसर, पिवळट, चकचकीत. त्यांचा जंतू पुढे कुणी ओळखलाच नव्हता, कारण तोवर ही माणसं चालत घरी गेली होती. शेऱ्यात लिहिलं होतं, बाहेरून आलेला असावा, महत्त्व नाही. बाळांच्या बाबतीत असं म्हणायची कुणाची छाती झाली नसती, म्हणून तिथे जंतूला नाव मिळालं आणि नावाला औषध.

पहिली अशी नोंद तीन आठवड्यांपूर्वीची होती. त्याआधी वर्षभरात एकही नाही. आणि पाचही शेऱ्यांखाली बाईंचीच सही होती.

५

बाईंनी तात्यांना बोलावलं आणि सांगितलं, बाटली कशी उघडता ते मला पहिल्यापासून दाखवा. तात्या थोडे खुलले. सव्वीस वर्षांत त्यांना हे दाखवा असं कुणी म्हटलं नव्हतं, मुलंही नाही, कारण मुलांना वाटतं की हे हमाली काम आहे. त्यांनी हात धुतले, सुई काढली, टेबलावरच्या काचेच्या जारमधून कापसाचा ओला बोळा उचलला आणि रबरी झाकण गोल गोल पुसलं. मग दुसरा बोळा घेतला.

"बाळांच्या बाटल्या मी दोनदा पुसतो," ते म्हणाले. "मोठ्यांच्या एकदाच. नातवंडं आहेत ना, बाई, मला राहवत नाही."

बाईंनी जारकडे बोट दाखवलं आणि विचारलं, त्यात काय आहे.

स्पिरिट असायचं, तात्या म्हणाले, पण तीन आठवड्यांपूर्वी भांडारातलं संपलं. मागणी देऊन ठेवलीय, अजून आलेलं नाही. म्हणून फरशीचं जंतुनाशक पाण्यात मिसळून कापूस त्यात भिजवतो. पाणी साधं नाही, कोपऱ्यातल्या कॅनमधलं शुद्ध केलेलं. वास तर असा येतो की माणूससुद्धा मरेल.

"जार कधी रिकामा करून धुतला होता?"

"धुवायची वेळच येऊ दिली नाही. कमी झालं की वर घालतो. कोरडा कापूस एकदाही वापरला नाही मी."

ते अभिमानाने बोलत होते, आणि बाईंना तिथून उठून जावंसं वाटत होतं. पाण्याच्या जंतूंची ही जात पातळ केलेल्या जंतुनाशकातही तग धरते. वर घालत राहिलेल्या, कधीच न धुतलेल्या जारमध्ये ती आठवडेच्या आठवडे वाढते. दरवर्षी त्या हे वर्गात सांगत. ओल्या बोळ्याने जंतू झाकणावर ठेवला होता आणि सुईने तो आत ढकलला होता. दोनदा पुसलं, म्हणजे दुप्पट ठेवला.

"तात्या, स्पिरिटच्या जागी हे वापरायचं कुणी ठरवलं?"

तात्यांनी मान खाली घातली. त्यांना काहीतरी चुकलंय एवढं कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं.

"तुम्हाला विचारलं होतं, बाई. जिन्यात. तुमचा तास होता, तुम्ही घाईत होता. चालेल, म्हणालात."

बाईंना ते आठवेना. आणि तात्या खोटं बोलत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

घड्याळात दोन वाजले होते. बाईंनी जार टेबलावरून उचलला. तीन नव्या बाटल्या घेतल्या, ज्यांत कुणाच्याही रक्ताचा थेंब नव्हता. एकीचं झाकण जारमधल्या बोळ्याने पुसून सुई घातली. दुसरीचं शस्त्रक्रिया विभागातून मागून आणलेल्या स्पिरिटने पुसून सुई घातली. तिसरीला हात लावला नाही. जारमधलं पाणी एका प्लेटवर पसरलं. सगळं इनक्युबेटरमध्ये ठेवून त्यांनी दार लावलं. सकाळपर्यंत उत्तर मिळणार होतं, निःसंशय, कुणालाही दाखवता येईल असं.

मग त्यांनी नवजात कक्षात फोन लावला.

डॉक्टर म्हणाला, मुलगी बरी आहे, ताप नाही. लघवी कालपेक्षा कमी आहे, पण होतेय. पुढचा डोस चारला. बाई फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. आता एक वाक्य बोलायचं होतं, औषध थांबवा. पण डॉक्टर विचारणार, कशावरून. नोंदवहीतल्या रकान्यांवरून? आणि अंदाज चुकला तर? जंतू खरोखरच रक्तात असला आणि औषध थांबवल्याने मुलगी गेली तर? लोक म्हणतील, जावेला सोडवायला बाईंनी बाळाचा जीव घालवला. अधीक्षकांचा शब्द न् शब्द त्यांना ऐकू येत होता. त्याच्याही खाली आणखी काहीतरी होतं. ते बाईंनी त्या क्षणी स्वतःशी कबूल केलं नाही, आपण मात्र म्हणायला हरकत नाही. उत्तर आणखी थोडे तास नको होतं त्यांना.

"मॅडम, काही सापडलं का?"

"उद्या सकाळी नक्की सांगते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

६

गुरुवारी सव्वाआठला त्यांनी इनक्युबेटर उघडला. भिंग लागलं नाही. जारच्या बोळ्याने पुसलेली बाटली ताकासारखी गढूळ झाली होती. उरलेल्या दोन स्वच्छ, आरपार दिसणाऱ्या. जारच्या पाण्याच्या प्लेटवर ओलसर, पिवळट, चकचकीत थर होता.

बाईंनी वॉर्डात फोन केला, आणि या खेपेला वाक्य पुरतं बोलल्या. मग तिन्ही बाटल्या घेऊन त्या अधीक्षकांच्या खोलीत गेल्या. तात्यांनाही बरोबर घेतलं, कारण त्यांच्या पाठीमागे बोलणं त्यांना बरं वाटेना. थोड्या वेळाने डॉक्टर आला आणि दाराशीच उभा राहिला.

वर्गात सांगावं तसं बाईंनी सगळं क्रमाने सांगितलं. कक्षात जंतू कुठेच नाही. बाळांच्या पहिल्या प्लेटा कोऱ्या. पाच मोठ्या माणसांच्या बाटल्यांतही तेच, आणि ती माणसं ठणठणीत. सुरुवात स्पिरिट संपलं त्या आठवड्यात. आणि ही बाटली बघा, हिच्यात रक्त नाही, बाळ नाही, सिस्टर नाही, तरी तोच जंतू. सिस्टरने काढलेलं रक्त स्वच्छ होतं. घाण झालं ते आमच्या टेबलावर.

अधीक्षकांनी बाटली हातात धरून फिरवली.

"म्हणजे बाळांच्या अंगात जंतू नव्हताच?"

"कधीच नव्हता."

"मग तीन बाळं गेली कशाने?"

बाईंनी डॉक्टरकडे पाहिलं. त्याला आधीच कळलं होतं. तो भिंतीला टेकला होता.

"औषधाने," तो म्हणाला. "मलूल झाली होती, ती कदाचित आपोआप सावरली असती. आम्ही नसलेल्या जंतूला मारत होतो. मूत्रपिंडं जंतूने नाही नेली."

तात्या खाली बसले. खुर्ची होती तरी ते जमिनीवर बसले. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अधीक्षकांना सांगितलं, परवानगी माझी होती, अहवालांवर सह्या माझ्या आहेत, तसंच लिहा. बाटली टेबलावर ठेवून अधीक्षकांनी हात रुमालाला पुसले, आणि सिस्टरचं निलंबन मागे घेण्याचा कागद टाइप करायला सांगितलं.

"चौथीचं औषध थांबवलंत ना?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरने मान डोलावली. "तुमचा फोन आला तेव्हा आठचा डोस नुकताच गेला होता. पण लघवी पहाटे पाचपासूनच बंद आहे." मग काहीतरी जुळल्यासारखं त्याने वर पाहिलं. "मॅडम, काल दोनला तुम्ही फोन केलात. तेव्हा होत होती."



दिवसभर कक्षातल्या सगळ्यांनी जे येत होतं ते केलं. मोठ्या शहरात मूत्रपिंडाचं काम करणारं यंत्र होतं, पण दीड किलोच्या बाळाला जोडता येईल असं नव्हतं. बाई बाहेरच्या बाकावर मुलीच्या आईशेजारी जाऊन बसल्या आणि सगळं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. आईने ऐकून घेतलं की नाही कळलं नाही. तिने एवढंच विचारलं, आता दूध देऊ का. संध्याकाळी सहाला मुलगी गेली.

७

शुक्रवारी सकाळी बाई धाकटीकडे गेल्या तेव्हा अधीक्षकांचा कागद तिच्या टेबलावर आधीच येऊन पडला होता. या वेळी दिरांनी त्यांना आत या म्हटलं, बसायला खुर्ची पुढे केली. तुमच्यामुळे सुटली ती, म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. बाईंना ते ऐकवेना. त्यांनी पाणी मागितलं, म्हणजे दीर आत जातील.

धाकटी कपडे करून तयार होती. कामावर जाणार होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं, जार, दोनदा पुसलेली झाकणं, जिन्यातलं ‘चालेल’, आपल्या सह्या. राजीनामा लिहून दिलाय हेही सांगितलं. चौथीचं धाकटीला आधीच कळलं होतं. ती टेबलाच्या कडेला बोट घासत ऐकत होती.

"ताई," ती म्हणाली, "तुम्हाला हे कळलं कधी?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. काल सकाळी, बाटली गढूळ झाली तेव्हा. ते खरंही ठरलं असतं, प्रयोगशाळेच्या भाषेत. पुराव्याशिवाय काही कळलं असं आम्ही म्हणत नाही. तिला पटलं असतं, आणि ती दार ओढून शांतपणे कामावर गेली असती.

"परवा दुपारी," बाई म्हणाल्या. "दोन वाजता."

धाकटीला मोजावं लागलं नाही. डोसच्या वेळा तिला पाठ होत्या.

"म्हणजे तीन डोस," ती म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेली. दीर पाणी घेऊन आले तेव्हा खोलीत बाई एकट्याच होत्या.